बरणीतला समुद्र

हणजूणच्या खडपांत ओहोटीला डबकी साचतात. लहानपणी त्यांतले पट्टेवाले इवले मासे ओंजळीने पकडून मी बरणीतून घरी आणायचो. सकाळी ते मरून तरंगत असायचे. आई ओरडायची ती लोणच्याची बरणी पळवली म्हणून. माशांसाठी कोणीच ओरडले नाही.

आता भाच्याने घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली आहे. परवा विचारत होता, "मामा, रापणीत समुद्रघोडा मिळाला तर आणू?" मी साफ नाही म्हटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली समुद्रघोडे आणि प्रवाळ आले. ते पकडणे, बाळगणे गुन्हा आहे. शिवाय त्याला सतत जिवंत बारीक भक्ष्य लागते. घरी बहुधा तो उपाशीच मरतो.

पण यादीत नसलेल्या माशांचे काय? पिल्ले वाढावीत म्हणून जून-जुलैत आपण ट्रॉलर बंद ठेवतो आणि डबक्यातली पिल्ले मात्र हौसेखातर उचलतो!

माझ्या मते नियम साधे आहेत. पोसता येणार नाही ते आणू नये. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून समुद्रात सोडू नये, त्याच्याबरोबर रोगही जातो. आणि शक्यतो टाकीतच जन्मलेला मासा घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची अशी पैदास करून दाखवली आहे.

बाकीचे मासे पाहायला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पुरे. हणजूण काही लांब नाही.