शेजाराची निवड

जुन्या काळी कोणी कोठे राहायचे, हे ज्याचे त्याला ठरवता येत नसे. कुंभार कुंभारवाड्यात राही, तेली तेलीआळीत राही आणि गावकुसाबाहेर ज्याचे घर असे, त्याला गावकुसाच्या आत घर बांधण्याची मुभाच नसे. मूल ज्या घरात जन्माला येई, त्या घराबरोबर त्याचा शेजारही ठरून जाई. हिंगोली शहरातील काही भागांची नावे अशा वाटणीची आठवण करून देतात. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण ही ती नावे. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीस हैदराबाद संस्थानातील फौजेची छावणी होती. रिसाला म्हणजे घोडदळ आणि पलटण म्हणजे पायदळ. ज्याचे जे काम, त्याप्रमाणे त्याची वस्ती. फौज केव्हाच निघून गेली, नावे मात्र मागे राहिली.

आता काळ पालटला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले आणि त्याबरोबर हिंगोलीचा मुलूखही मुक्त झाला. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्यातील एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि बाजार यांच्या ओढीने सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या भागांतील कुटुंबे हिंगोलीत येतात. काही कुटुंबे त्याहून दूर, नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जातात. अशा प्रत्येक कुटुंबापुढे पूर्वजांना कधी न पडलेला प्रश्न उभा राहतो: राहावे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा घाईने दिले जाते. घरातील कर्ता माणूस दोनच गोष्टी पाहतो, घरभाडे किती आणि कामाचे ठिकाण किती दूर. मिळकत बेताची असेल, तर या दोन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. परंतु तेवढ्या पुरेशा नाहीत. कर्ता माणूस सकाळी घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी परततो. दिवसभर त्या वस्तीत राहतात ती मुले, म्हातारी माणसे आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया. म्हणून वस्ती पारखावी ती त्यांच्या नजरेने. शाळेच्या वाटेवर भरधाव वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो काय? आजोबांना चार पावले फिरून टेकायला एखादा पार किंवा झाडाची सावली आहे काय? संध्याकाळी मुलांना खेळायला मोकळी जागा आहे काय? हे प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

वस्ती एकदाच पाहून भागत नाही. हिवाळ्यात प्रत्येक वस्ती बरी दिसते. तिची खरी परीक्षा उन्हाळा आणि पावसाळा घेतात. मराठवाड्यात उन्हाळ्याचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. ज्या वस्तीत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत तास न् तास उभे राहावे लागते, तेथे मुलांच्या अभ्यासाचा वेळही त्या रांगेतच जातो. पावसाळ्याची परीक्षा निराळी असते. कयाधू नदी दुथडी भरून वाहू लागली, की काठच्या सखल जागेचा भरवसा राहत नाही. १९०८ च्या सप्टेंबरात हैदराबाद शहरात मुसी नदीला महापूर आला. त्या पुरात नदीकाठच्या दाट वस्त्या वाहून गेल्या आणि हजारो माणसे प्राणाला मुकली. म्हणून घर पाहायला जाणाऱ्याने घरमालकाच्या शब्दावर न विसंबता शेजाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: वैशाखात पाणी कितव्या दिवशी येते आणि आषाढात रस्त्यावर पाणी किती चढते?

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. शेजार आपल्या माणसांचा असावा, की परक्यांचा? गाव सोडून शहरात आलेले कुटुंब बहुधा आपल्या गावची, आपल्या नात्याची किंवा आपल्या जातीची माणसे जेथे असतील तेथेच खोली शोधते. यात नवल नाही. अनोळखी शहरात रात्री-अपरात्री मूल आजारी पडले, तर ज्याचे दार ठोठावता येईल असे कोणीतरी हवेच असते. काम मिळवून देणारा, चार दिवस उसने धान्य देणारा असतो तो ओळखीचाच माणूस. अशा आधाराला नावे ठेवणे योग्य नव्हे.

परंतु पहिल्या दिवसांचा आधार हे कायमचे कुंपण होऊ नये. ज्या मुलाचे सारे सोबती एकाच गावचे आणि एकाच जातीचे असतात, ते मूल शहरात राहूनही शहर पाहत नाही. जुनी आळी सोडून त्याने केवळ नवी आळी गाठलेली असते. निरनिराळे व्यवसाय करणारी, निरनिराळे सण साजरे करणारी आणि निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे जेथे शेजारी शेजारी राहतात, तेथे मुलाला शाळेबाहेरही एक शाळा मिळते. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ ज्या दोन दारांतून ये-जा करतो, त्या दारांमध्ये गैरसमजाला सहसा जागा मिळत नाही.

याचा एक थोर दाखला हिंगोली जिल्ह्याच्याच मातीत सापडतो. कयाधूच्या काठावरील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे शिंपी कुटुंब पुढे पंढरपुरास राहिले. गंगाखेडची जनाबाई याच घरात लहानाची मोठी झाली, असे परंपरा सांगते. पंढरपुरात नरहरी सोनार होते, तेरहून गोरा कुंभार येत, मंगळवेढ्याहून चोखोबा येत. चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकण्याची बंदी होती, तरीही या मंडळींनी त्यांना आपल्यातलेच मानले. शिंपी, सोनार, कुंभार आणि महार यांच्या घरांत जन्मलेल्या या माणसांचा शेजार भिंतींनी जुळला नव्हता, मनांनी जुळला होता. पुढे नामदेव पंजाबात गेले आणि तेथील घुमान गावी राहिले. तेथील लोकांनी या परक्या मुलखातल्या माणसाला आपले मानले. त्यांची पदे शीख धर्माच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली आहेत.

शेजार निवडण्याचा हक्क जसा आपल्याला हवा, तसा तो दुसऱ्यालाही असला पाहिजे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना जातीमुळे कोणी खोली देईना. अखेर नाव पालटून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. परंतु त्यांची जात कळताच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. विद्या होती, नोकरी होती, भाडे देण्याची तयारी होती; नव्हता तो केवळ शेजारी होऊ देणारा शेजार. पुढे हेच बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि त्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली.

कायदा बदलला, तरी काही दारांवरची अदृश्य कडी अजून निघालेली नाही. खोली पाहायला आलेल्या माणसाला आधी आडनाव विचारायचे आणि मग ‘खोली आताच दुसऱ्याला दिली’ असे सांगायचे, ही रीत पुरती गेलेली नाही. जे कुटुंब कालपर्यंत स्वतः खोली शोधत वणवण फिरले, तेच आज आपल्या घरातील खोली देताना असे वागू लागले, तर त्याहून लाजिरवाणे काय असेल?

चांगली वस्ती आयती क्वचितच मिळते. रस्ता, पाणी आणि शाळा यांची चौकशी आधी करता येते. पण जिव्हाळ्याची चौकशी करता येत नाही. तो नव्याने आलेल्या आणि आधीपासून राहणाऱ्या, अशा दोघांनी मिळून निर्माण करायचा असतो. नवे बिऱ्हाड आले, की पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन त्या दारी जावे. आपल्या दारापुढचा केर दुसऱ्याच्या दारापुढे लोटू नये. तुंबलेल्या नालीची तक्रार चार घरांनी मिळून नगरपरिषदेकडे न्यावी. नव्या मुलाला खेळात घ्यावे आणि त्याच्या बोलीला हसू नये. जेथे एवढे घडते, तेथे भाड्याची खोलीही घर होते.

पूर्वजांना शेजार जन्माने मिळत असे. आजच्या माणसाला तो निवडता येतो. ही निवड करताना माणसाने पाणी पाहावे, जमीन पाहावी, शाळेची वाट पाहावी. आणि त्याबरोबरच, आपण स्वतः कसे शेजारी होणार आहोत, याचाही विचार करावा.