वाजवणाऱ्याला कुणी विचारले का?



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. कापसाची वेचणी चालू असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते, आणि त्यातच सोयरे पत्रिका घेऊन दारात उभे राहतात. लग्न ठरले की याद्या होतात. किराणा किती, मांडव कुणाचा, आचारी कोणता, मानपान कुणाकुणाचा. त्या यादीत शेवटी कुठेतरी एक ओळ असते, 'वाजा'. वाजा ठरवायचा, भाव पाडायचा, इसार द्यायचा आणि मोकळे व्हायचे. वाजवणारा कोण, तो कुठे शिकला, किती वर्षे वाजवतो, हे कोणी विचारत नाही. आज त्याच माणसाविषयी चार शब्द.

धरणगाव, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात ज्यांची सत्तरी-पंच्याहत्तरी उलटली आहे असे वाजवणारे अजून आहेत. कुणी सनई फुंकली, कुणी संबळ वाजवला, कुणी डफडे, कुणी बँडमध्ये क्लॅरिनेट, कुणी तमाशात ढोलकी. आता दात पडले, सनईत फुंकर राहत नाही. पण पारावर दोघे-तिघे जुने गडी एकत्र बसले आणि विषय निघाला, की त्यांची बोटे मांडीवर आपोआप चालू लागतात.

या मंडळींचे शिक्षण कसे झाले ते ऐकण्यासारखे असते. शाळा नाही, वही नाही, सा रे ग म ची पाटी नाही. बाप किंवा काका वाजवायचा, पोरगा मागे चालायचा. आधी झांज हाती यायची. ठेका अंगात मुरला की मग चामड्याला हात लावायची परवानगी. डफडे वाजवायच्या आधी ते शेकावे लागते. काटक्या, पालापाचोळा पेटवायचा, चामडे धगीवर धरायचे, टिचकी मारून आवाज बघायचा. शेक कमी पडला तर आवाज बद्द येतो, जास्त झाला तर चामडे फाटते. ही नजर पुस्तकातून येत नाही. पावसाळी हवेत चामडे पुन्हा पुन्हा सैल पडते, म्हणून श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीला वाजवणाऱ्याचे अर्धे लक्ष ठेक्याकडे आणि अर्धे विस्तवाकडे असते.

सनईवाल्याचे आणखी कठीण. सनईचा सूर तुटता कामा नये, म्हणजे वाजवता वाजवताच श्वास घ्यायचा. गालात हवा साठवायची, ती गालाने बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवी हवा आत ओढायची. हे जमावे म्हणून पोरांना पाण्याच्या भांड्यात नळी घालून फुंकायला बसवत. पाण्यातले बुडबुडे थांबले की समजायचे, श्वास तुटला. महिनोन् महिने हे केल्यावर कुठे सूर लांबतो. आपण मांडवात बसून 'सनई काय गोड वाजते' एवढेच म्हणतो. त्या गोडीमागे पोरपणातले किती बुडबुडे आहेत ते आपल्याला ठाऊक नसते.

खानदेशात वाजवण्याला तोटा कधीच नव्हता. कार्तिकी एकादशीला जळगावचा रामाचा रथ निघतो, तो १८७२ पासून. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते. गावोगावी वहीगायनाची मंडळे असतात. सातपुड्याच्या आणि पश्चिमेच्या डोंगरात भिल्ल-कोकणा बांधवांची पावरी वाजते. दुधी भोपळा, बांबू आणि शिंग यांची ती बनते, आणि तिच्या तालावर डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर पाय थांबत नाहीत. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावे फिरतात. भीका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू सिंधीकर ही नावे घेतली की आपल्याकडचा म्हातारा माणूस अजून ताठ बसतो.

मग बँड आला. मुळात ही लष्कराची चाल. इंग्रजांच्या छावण्यांतून पितळी वाद्ये आणि गणवेश संस्थानांत आले, संस्थानांतून शहरांत, आणि शहरांतून लग्नाच्या वरातीत. ज्या घरांत सनई-डफडे होते त्याच घरांतली कितीतरी पोरे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट घेऊन उभी राहिली. अंगात लाल-पिवळा कोट, डोक्यावर टोपी, खांद्यावर झालर. सिनेमातले गाणे रेडिओवर ऐकायचे, ओठात घोळवायचे आणि दुसऱ्या दिवशी वरातीत वाजवायचे. कागदावरचे सूर वाचणारे थोडे, कानाने उचलणारेच फार. आठवणी सांगताना ही मंडळी जास्त रंगतात ती याच ठिकाणी. कुठल्या गावाला बैलगाडीने गेलो, कुठल्या वरातीत रात्री दोनला कंदील विझले, कुठे नवरदेवाची घोडी बुजली, सगळे तोंडपाठ असते.

पण मंडळी, सगळ्याच आठवणी गोड नसतात, आणि ते लपवून चालणार नाही.

गावगाड्यात वाजवणे हा फार काळ आवडीचा मामला नव्हता. बहुतेक गावांत ते काम मातंग, महार, गुरव, घडशी अशा ठरावीक घरांकडे होते. लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, बोलावणे आले की जायचे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते, नाहीतर पाटी-दोन पाटी धान्य आणि उरलेले अन्न. मांडव ज्याच्या सुरांनी भरला तो स्वतः मांडवाबाहेर बसायचा. पंगती उठल्यावर त्याचे पान मांडले जायचे, तेही लांब. सनई देवळाच्या दारात वाजायची आणि वाजवणाऱ्याचे पाऊल उंबऱ्याच्या आत चालायचे नाही. म्हाताऱ्या वाजवणाऱ्याला तुम्ही जुन्या दिवसांविषयी विचारले आणि तो गप्प बसला, तर समजून घ्या. त्याला आठवत नाही असे नसते. कुणासमोर सांगावे, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले होते. या वतनाने माणूस गावाचा वेठबिगार होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर कितीतरी गावांत महार समाजाने गावकीची कामे सोडली, त्याबरोबर वाजवणेही सोडले. हलगी खुंटीवर गेली ती गेलीच. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, तो १९५९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. तेव्हा काही गावांतल्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या, 'आता वाजवायचे कोणी?' म्हणून. त्यांना वाजा हवा होता, वाजवणाऱ्याच्या मानाचे त्यांना काही वाटत नव्हते. ज्याने त्या काळी हलगी खाली ठेवली त्याने कला टाकली असे म्हणू नका. त्याने सक्ती टाकली. पुढे त्याच वस्त्यांतून भीमगीतांचे जलसे उभे राहिले आणि तिथे ढोलकी मानाने वाजली. हात तेच होते, फक्त हुकूम कुणाचा नव्हता.

आता दुसरी गोष्ट. ज्यांना लिहिता येत होते, ज्यांच्याभोवती लिहिणारी माणसे होती, त्यांच्या आठवणी राहिल्या. गोविंदराव टेंबे हे पेटीवादनातले मोठे नाव. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. त्यांनी 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक लिहिले, ते १९३९ मध्ये निघाले. पेटी कशी हाती आली, कुणाकुणाला ऐकले, कुणाकडून काय मिळाले, हे सारे त्यामुळे आज आपल्याला वाचता येते. बालगंधर्वांचे लहानपणीचे गाण्याचे धडे जळगावात झाले, मेहबूब खाँ यांच्याकडे, हेही आपल्याला माहीत आहे, कारण मोठ्या माणसाचे चरित्र कोणीतरी लिहितेच.

शाहीर साबळे तर आपल्या शेजारचेच म्हणायचे. जन्म १९२३ चा, सातारा जिल्ह्यातल्या पसरणीचा. पण लहानपणीची काही वर्षे ते आजीकडे अमळनेरला होते. धरणगावहून गाडीत बसले की त्याच लोहमार्गावर लागते ते अमळनेर. घरात गाण्याला विरोध, आणि पोराच्या गळ्यात गाणे. तिथेच त्यांना साने गुरुजींचा सहवास मिळाला. पुढे गुरुजींच्या मंदिरप्रवेशाच्या कामात हा पोरगा शाहीर म्हणून उभा राहिला. 'माझा पवाडा' या आत्मचरित्रात त्यांनी आपली वाटचाल सांगितली आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज असलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले. शाहीर २०१५ मध्ये गेले, पण त्यांचे पोरपण पुस्तकात राहिले.

आणि ज्यांचे कुणीच लिहिले नाही त्यांचे काय? इथे आपल्या बहिणाबाईंची आठवण येते. आसोद्याची ही माय शाळेत गेली नव्हती. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या आणि ती म्हणायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या वेळोवेळी टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये ती गेली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. घरात टिपणारे कोणी नसते तर अख्ख्या महाराष्ट्राचे धन चितेवर गेले असते. धरणगाव तर बालकवींचे गाव, शब्दांची किंमत त्याला कुणी शिकवायला नको. मग सुरांची किंमत का नसावी?

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. पितळी बँड मागे पडला, त्याच्या जागी बेंजो आला, बेंजोच्या मागून डीजे आला. भिंतीएवढे कर्णे ट्रॅक्टरवर चढले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे लावायला बंदी केली, पण दिवसा छाती धडधडते ती धडधडतेच. काळ बदलतो, त्याला कोणी बांध घालू शकत नाही. तरुण पोरांना नाचायचे आहे, नाचू द्या. पण एका ठेक्याला दोन हात लागत होते, त्या हातांमागे एक घर होते, आणि त्या घरात चार पिढ्यांची विद्या होती. ती विद्या म्हाताऱ्याबरोबर जाते. बियाणे संपले की वाण संपते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तेव्हा या लग्नसराईत एवढे करा.

तुमच्या गावात जुना वाजवणारा असेल तर त्याच्याकडे जा, त्याला बोलावून घेऊ नका. बसा, चहा घ्या, आणि विचारा, 'आप्पा, पहिल्यांदा कुठे वाजवले? कुणी शिकवले? हळदीला कोणता ठेका, वरातीला कोणता, मयताला कोणता?' घरात कॉलेजात जाणारी पोरगी-पोरगा असेल तर त्याला मोबाईलवर आवाज भरून घेऊ द्या. आधी आप्पाला विचारून, आणि भरून झाल्यावर त्याला ऐकवून. नाव, गाव, वाद्य आणि साल नीट लिहा. वाईट आठवण सांगितली तर तीही तशीच लिहा, गुळगुळीत करू नका.

लग्नात वाजा सांगाल तर ठरलेले पैसे मांडव उतरायच्या आधी द्या, आणि वाजवणाऱ्यांचे पान पहिल्या पंगतीत मांडा. याला खर्च काही लागत नाही.

तिसरे, सरकारचे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून महाराष्ट्रात आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आणि मानधन दरमहा ५,००० रुपये केले. वय, उत्पन्न आणि इतकी वर्षे कला केल्याचा पुरावा अशा अटी आहेत. पंचायत समितीत चौकशी करा. ज्याने आयुष्यभर कागद पाहिला नाही त्याच्याकडे पुरावा कुठला असणार? तो अर्ज गावातल्या शिकल्या पोराने भरून द्यावा. जुन्या फोटोत तो सनई घेऊन उभा असेल, तो फोटो कदाचित तुमच्याच आईबापांच्या लग्नाचा असेल. कपाटातला अल्बम काढा आणि शोधा.

तुमचे लग्न ज्याने वाजवले त्याचे नाव तुम्हाला आठवते का, मंडळी? आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला आठवत असेल.