चाक दहा इंची, ब्रेक केवढा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही सहकुटुंब सावंतवाडीला निघालो होतो. गाडी जुनी, छोटी, बारा इंची चाकांची. आत पाच माणसं आणि डिकीत आहेराची भांडी. आंबोली घाट उतरताना मी चौथ्या गिअरमध्ये होतो आणि पाय सारखा ब्रेकवर. मागून आई म्हणाली, "अरे, काहीतरी करपलंय बघ." मला वाटलं, कुठल्या तरी हॉटेलातला वास असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात पाय गेल्यासारखं खाली गेलं. घाईघाईने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी थांबवली. बायको एक शब्दही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ विवाहित वाचकांना सांगायला नको.

परत आल्यावर आमच्या मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "सर, ब्रेक निल्लसाक, घाट इळ्याक गेअर री!" ब्रेक थांबायला असतो, घाट उतरायला गिअर. वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवतोय, पण इतकं नेमकं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

ही आठवण आता येण्याचं कारण माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने जुनी छोटी गाडी घेतली आणि महिन्याभरात माझ्याकडे आला. "मामा, थोडे पैसे कमी पडतायत. मोठ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवायचेत. चाकात जागा कमी आहे, पण कॅलिपर जरा घासला की बसतील." पुढे म्हणाला, "इंग्लंडमध्ये जुन्या मिनी शर्यतीत पळवतात. त्यांची चाकं तर दहाच इंची. ते बसवतात की मोठे ब्रेक!"

पैसे देण्याआधी ते लोक नेमकं काय करतात, हे समजून घ्यावं असं मी ठरवलं. पंधरा दिवस वाचलं, मेस्त्रींना विचारलं, भाच्याशी वाद घातला. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मिनी ही गाडी १९५९ साली आली. सुएझच्या पेचप्रसंगामुळे इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली होती, म्हणून कमी इंधनात चार माणसं नेणारी छोटी गाडी हवी होती. अॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली. लांबी जेमतेम दहा फूट. माणसांना जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून त्यांनी चाकं अगदी लहान केली, दहा इंची. त्या मापाचा टायर डनलॉप कंपनीने मुद्दाम बनवला. ८४८ सीसीचं इंजिन, ३४ अश्वशक्ती आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. बाजारहाटाला आणि मुलांना शाळेत सोडायला तेवढं पुरेसं होतं.

पण ही गाडी वळणावर रस्त्याला चिकटून धावते, हे जॉन कूपर यांच्या लक्षात आलं. १९५९ आणि १९६० ही दोन्ही वर्षं फॉर्म्युला वनमध्ये कूपर यांच्याच गाड्या विजेत्या ठरल्या होत्या. १९६१ साली मिनी कूपर आली, ५५ अश्वशक्तीची. वेग वाढला आणि ब्रेकचा प्रश्न उभा राहिला.

ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, त्याची उष्णता करतो. साधारण साडेसहाशे किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती पूर्ण थांबवताना जी उष्णता निर्माण होते तिच्यात दोन लिटर पाणी उकळेल. घरच्या गॅसवर त्याला कितीतरी मिनिटं लागतात. ब्रेकला हे काम पाच-सहा सेकंदांत करायचं असतं, आणि शर्यतीत ते प्रत्येक फेरीत, पुन्हा पुन्हा. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे आणखी वेगळं. त्यातच पुढे इंजिनाचं वजन आणि ब्रेक लावताना गाडी पुढे झुकते, त्यामुळे या कामाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवरच येतो.

ही उष्णता बाहेर पडली नाही, तर पॅडची पकड सुटते आणि ब्रेक ऑइल उकळतं. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पाय ते बुडबुडेच दाबत बसतो, ब्रेकपर्यंत जोर पोचतच नाही. आंबोलीत माझ्या पायाखाली हेच झालं होतं.

म्हणून मिनी कूपरच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क आली. म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची उघडी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारी पकड, तिलाच कॅलिपर म्हणतात. आपली सांडशी, किंवा कानडीतला इक्कळ डोळ्यांपुढे आणा. तबकडी उघडी असल्याने तिला वारा लागतो. पण तिचा व्यास होता अवघा ७ इंच, आणि शर्यतीत ती अपुरी पडू लागली.

मग मोठी का घातली नाही? इथे स्वयंपाकघरातलं उदाहरण देतो. दहा इंची पातेल्यात साडेनऊ इंची तवा सहज मावेल. पण तो तवा कडेने सांडशीत धरायचा आणि सांडशीसकट पातेल्यात फिरवायचा म्हटलं तर? सांडशीच्या जाडीएवढी जागा चारी बाजूंनी सोडावी लागेल. कॅलिपर तबकडीच्या कडेवर असाच बसतो. शिवाय चाकाचं दहा इंच हे माप टायर जिथे बसतो तिथलं. टायर चढवता यावा म्हणून रिम मध्यभागी आणखी खोल असते. आतली खरी जागा त्याहून कमीच.

तरीही व्यास वाढवण्याचा मोह सुटत नाही, आणि त्याला कारण आहे. जात्याचा खुंटा कडेला असतो, मध्याजवळ नसतो. कडेला थोडा जोर लावला तरी दगड फिरतो. तेच उलट करून पाहा: फिरणारी वस्तू जितकी कडेला धरावी तितकी ती कमी जोरात थांबते. तबकडी अर्धा इंच वाढली तरी फरक पडतो, आणि बीड जास्त असल्याने उष्णताही जास्त मावते.

१९६३ साली कूपर एस आली. ७० अश्वशक्ती आणि पुढे साडेसात इंची तबकडी. व्यास फक्त अर्धा इंच वाढला होता, पण तबकडी आधीपेक्षा जाडही केली होती. चाकाच्या पत्र्याला भोकं पाडली होती, म्हणजे ब्रेकला वारा मिळावा. पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो बसवला होता. दहा इंचाची मर्यादा तशीच ठेवून तिच्या आत जेवढं करता येईल तेवढं केलं होतं. १९६४ च्या जानेवारीत पॅडी हॉपकर्क यांनी हीच गाडी घेऊन बर्फाळ घाटांतली माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६५ आणि १९६७ सालीही मिनीच जिंकली. १९६६ ला तर पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनी होत्या, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून तिन्ही बाद केल्या गेल्या.

पुढे १९८४ साली कारखान्यानेच मिनीला बारा इंची चाकं आणि ८.४ इंची तबकडी दिली. मग जुन्या शर्यतीच्या गाडीलाही तेच का करू नये? कारण जुन्या गाड्यांच्या शर्यतींत गाडी तिच्या काळात होती तशीच असावी लागते. जिथे नियम कडक आहे तिथे चाक दहा इंचीच आणि ब्रेकही कूपर एसचा साडेसात इंची. तिथे सुधारणा करायची ती पॅडमध्ये, ऑइलमध्ये, आणि वारा देता येत असेल तर त्यात. नियम जिथे थोडा सैल आहे तिथे मंडळी ७.९ इंची तबकडी बसवतात. तिला अॅल्युमिनियमचा चार पिस्टनचा कॅलिपर असतो, दहा इंची चाकात मावेल अशा बेताने बनवलेला. काही तबकड्या आतून पोकळ असतात. दोन पातळ तबकड्यांमध्ये पडदे, आणि चाक फिरलं की वारा मध्यातून शिरून कडेने बाहेर पडतो. हे ८.४ इंची तबकडीला जमत नाही. कागदावर फरक अर्ध्या इंचाचा, पण तेवढ्यात कॅलिपर रिमला घासतो.

बसवल्यावरही हात झटकून मोकळं होता येत नाही. चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं. कॅलिपरवर मऊ मातीचा गोळा लावून चाक चढवायचं, काढायचं आणि माती किती चेपली ते मोजायचं. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची शिशाची पट्टीही आडवी येऊ शकते. मागच्या ब्रेकशी तोल पुन्हा जुळवायचा, नाहीतर नवा खर्च करून गाडी ब्रेक दाबताच भलतीकडे जायची.

हे वाचताना माझी एक समजूत मोडली. मला वाटायचं, ब्रेक मोठा म्हणजे गाडी लवकर थांबणार. पण ब्रेक थांबवतो चाकाला. गाडीला थांबवतो तो टायर. साधा चांगला ब्रेकही एकदा कचकन दाबला तर चाक जाम करू शकतो. त्यापुढे टायरची पकड असेल तेवढंच. मोठ्या ब्रेकचं खरं काम वेगळं आहे. पहिल्या वेळी जसा लागला तसाच तो दहाव्या वेळीही लागला पाहिजे. शर्यतीत त्याची गरज पडते. गोगटे सर्कलपासून कॉलेजपर्यंत पडत नाही.

आणि ब्रेकशी खेळ चुकला तर काय होतं, याची नोंदही इतिहासात आहे. लोटस ७२ या शर्यतीच्या गाडीत पुढचे ब्रेक चाकातून काढून गाडीच्या अंगात ठेवले होते. चाकावरचं वजन घटावं हा हेतू. ब्रेक आणि चाक एका दांड्याने जोडले होते. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात योखेन रिंट यांची गाडी ब्रेक लावताना वळली आणि कठड्यावर आदळली. उजव्या चाकाचा तो दांडा तुटल्याने अपघात झाला, आणि कठडा नीट बसवलेला नसल्याने जीव गेला, असा निष्कर्ष निघाला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद रिंट यांना मरणोत्तर मिळालं. जगातले निष्णात इंजिनिअर जिथे चुकतात तिथे "जरा घासला की बसेल" हे वाक्य अंगावर काटा आणतं.

भाच्याला मी हे सांगितलं. तो गप्प बसला, पण पटलेलं दिसलं नाही. मग आम्ही दोघं उद्यमबागेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याचं लेथचं काम आहे. त्याने कॅलिपर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "सर, याच्या आत ऑइलचा दाब असतो. बाहेरून घासून किती जाडी उरली ते मला दिसणार नाही. तुम्ही म्हणाल ते काम करीन, पण हे करणार नाही." माझ्या पंधरा दिवसांच्या वाचनाने जे झालं नाही ते त्याच्या या चार वाक्यांनी झालं.

पैसे मी दिले, पण दुसऱ्या कामासाठी. मेस्त्रींनी ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग लवकर उकळतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं हे मला तेव्हा कळलं. नवे पॅड घातले, तडे गेलेल्या रबरी नळ्या काढल्या, चार चांगले टायर घेतले. मोठ्या ब्रेकच्या खर्चात हे सगळं बसलं आणि थोडे पैसे उरले.

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. कानडीत तीच, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. लहानपणी मला ती नुसती गप्प बसवणारी म्हण वाटायची. मिनीवाल्यांनी मात्र अंथरूण आधी नीट मोजलं, आणि मापाच्या आत पाय लांब करायला कुठे वाव आहे ते शोधत राहिले.

गेल्या आठवड्यात भाचा आंबोलीमार्गे कोकणात जाऊन आला. बहीण काळजीत होती. रात्री त्याचा फोन आला, "मामा, घाट पूर्ण दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते."

मी म्हटलं, "वाजवू देत."