निळी अक्षरं म्हणजे लिंक नव्हे



मेहरूणमधल्या एका ताईंचा कॅटलॉग उन्हाळ्यात माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ज्वारीच्या बिबड्या, नागलीचे पापड, उडदाचे पापड, कुरडया, काळा मसाला. बारा पानं. फोटो झकास, रंग झकास, भाव स्पष्ट लिहिलेले. शेवटच्या पानावर निळ्या अक्षरांत, खाली रेघ मारून लिहिलेलं: ‘ऑर्डरसाठी इथे दाबा’. मी दाबलं. काही झालं नाही. पटापट दोनदा दाबलं, तर पान मोठं झालं. बस्स.

हा कॅटलॉग ताईंनी आखाजीच्या तीन आठवडे आधी पुणे, नाशिक आणि सुरतच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. लोकांनी अंगठे दाखवले, ‘खूप छान’ म्हटलं आणि ऑर्डर मात्र ज्यांच्याकडे आधीपासून ताईंचा नंबर होता त्यांच्याच आल्या. आता यावर ताईंचं म्हणणं काय, तर ‘दादा, भाव जास्त वाटला असेल लोकांना. पुढच्या वेळी किलोमागे थोडे कमी करते.’

इथे माझं डोकं ठणकलं. माल चांगला, भाव रास्त आणि ही बाई एका मेलेल्या बटणापायी स्वतःचा नफा कापायला निघाली होती! वाळवणाचा धंदा पाऊस लागेपर्यंतचा. एक हंगाम गेला की गेला. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत दहा मिनिटांत हे मावलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यात डीटीपीवाल्याची चूक कमी आणि आपली जास्त. आपण दुकानात जातो आणि म्हणतो, ‘भाऊ, कॅटलॉग बनवून दे.’ त्याच्या डोक्यात कॅटलॉग म्हणजे छापायची वस्तू. त्याने पंधरा-वीस वर्षं पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं केलीत. छपाईसाठी जे करायला हवं ते तो बिनचूक करतो. तुम्ही तीच फाइल मोबाइलवर पाठवणार आहात आणि तिच्यातून ऑर्डर यायला हवीय, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

लिंक म्हणजे नेमकं काय असतं ते एकदा समजून घ्या, बाकी सगळं आपोआप कळेल. पीडीएफमध्ये लिंक त्या निळ्या अक्षरांत नसते. पानावर एक न दिसणारा चौकोन ठेवलेला असतो, समजा काचेची पट्टी. त्या पट्टीला सांगितलेलं असतं की हिच्यावर बोट पडलं की अमुक पत्ता उघड. खाली निळी अक्षरं असोत, ताईंच्या पापडाचा फोटो असो, नाहीतर कोरा कागद असो, पट्टीला काही फरक पडत नाही. उलट अक्षरं निळी केली, खाली रेघ मारली आणि पट्टी ठेवलीच नाही, तर ती नुसती रंगवलेली अक्षरं. ताईंच्या कॅटलॉगमध्ये हेच झालं होतं. खिडकीचं चित्र काढलं होतं भिंतीवर.

आता ही पट्टी कुठे कुठे हरवते ते बघा.

सगळ्यात जास्त हरवते ती ‘प्रिंट’च्या बटणावर. आपल्याकडे बरेच जण पीडीएफ बनवायला प्रिंटचा हुकूम देतात आणि प्रिंटरच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडतात. पीडीएफ बनते, दिसतेही सुरेख. पण संगणकाला वाटतं आपण कागदावर छापतोय आणि कागदाला कसली आलीय लिंक? तो पट्ट्या टाकून देतो. त्याऐवजी वर्डमध्ये किंवा पब्लिशरमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करून पीडीएफ निवडायचं. इनडिझाइनमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘हायपरलिंक्स’वर खूण आहे का ते बघायचं. कोरलड्रॉमध्ये ‘पब्लिश टू पीडीएफ’च्या सेटिंगमध्ये ‘इन्क्लूड हायपरलिंक्स’ अशी खूण असते. अर्थात कोरलमध्ये त्या वस्तूला आधी पत्ता दिलेला असायला हवा. खूण केली आणि पत्ताच दिला नाही, तर काय उपयोग!

कॅनव्हात काम करणाऱ्यांना हे सोपं आहे. चौकोन किंवा मजकूर निवडा, कंट्रोल आणि के दाबा, पत्ता टाका, डाउनलोड करताना पीडीएफ घ्या. जेपीजी घेतलं की खेळ खल्लास. जेपीजी म्हणजे फोटो. फोटोवर पट्टी राहत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतानाही ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाकायचं. पानांचे स्क्रीनशॉट काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत, त्यात एक मीही होतो, सुरुवातीच्या काळात.

मराठी डीटीपीची एक खास गोष्ट आहे, ती इंग्रजी व्हिडिओ बघून कळणार नाही. आपल्याकडे छपाईला फाइल देताना अक्षरांचं ‘कर्व्ह’ करतात. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. कारण तुमच्या डीटीपीवाल्याकडे जो मराठी फॉन्ट आहे तो प्रेसवाल्याकडे असेलच असं नाही आणि नसला की ‘पापड’चं भलतंच काहीतरी होतं. म्हणून अक्षरांचं चित्र करून टाकायचं. छपाईसाठी शंभर टक्के बरोबर. पण ऑनलाइनसाठी? मोबाइलमधली काही अ‍ॅप हुशार असतात. साधा मजकूर म्हणून वेबसाइटचा पत्ता किंवा नंबर लिहिलेला असला, तर ते तो ओळखून स्वतःच लिंक करून देतात. निदान बोट दाबून धरलं तर नंबर कॉपी तरी होतो. कर्व्ह केल्यावर नंबर हा नंबर राहतच नाही, आकड्यांच्या आकाराचं चित्र होतं. गिऱ्हाइकाने कागद-पेन घेऊन नंबर उतरवायचा की काय?

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टचंही तसंच. डोळ्यांना ‘बिबड्या’ दिसतं, पण आत वेगळीच इंग्रजी अक्षरं बसलेली असतात. चाळीस पानांच्या कॅटलॉगमध्ये कोणी ‘बिबड्या’ शोधायला गेलं, तर सापडत नाही. म्हणून डीटीपीवाल्याला सरळ सांगा: भाऊ, युनिकोडमध्ये कर आणि मला दोन पीडीएफ दे. एक प्रेससाठी, कर्व्ह केलेली. एक मोबाइलसाठी, फॉन्ट आत घातलेली, लिंक चालू असलेली आणि फोटो हलके केलेली. आणि या दुसऱ्या फाइलचे वेगळे पैसे द्या. फुकट मागू नका. तुम्ही बिबड्या फुकट देता का?

दोन फाइल का, तर अजून एका कारणासाठी. क्यूआर कोड. कागदावर क्यूआर हवाच, कारण कागदावर बोट दाबून काही होत नाही. पण मोबाइलवरच्या पीडीएफमध्ये नुसता क्यूआर ठेवला, तर गिऱ्हाईक तो स्कॅन कशाने करणार? मोबाइल तर तोच हातात आहे! तिथे बटण लागतं. कागदाला क्यूआर, मोबाइलला बटण.

बटणावर काय पत्ता द्यायचा, यावर लोक उगाच वेबसाइटच्या मागे लागतात. मी तर म्हणतो, सुरुवातीला वेबसाइट नसली तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा पत्ता आहे: डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरपी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. मध्ये अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मोकळी जागा नाही. दाबलं की थेट तुमचं चॅट उघडतं, नंबर सेव्ह करायची गरज नाही. दुसरं बटण फोनचं, तिथे ‘टेल’, दोन टिंबं आणि अधिक ९१ सकट नंबर. वयस्कर गिऱ्हाईक टाइप करत बसत नाही, फोनच लावतं. तिसरं गुगल मॅपचं. एवढ्यावर हंगाम निघतो.

एक विनोदी चूक सांगतो, पण ती खूप जण करतात. एका प्रशिक्षणार्थीच्या ब्रोशरमध्ये ‘दरपत्रक पाहा’ ही लिंक त्याच्या लॅपटॉपवर मस्त चालायची. मी दाबली तर चालेना. बघितलं तर पत्ता होता डी ड्राइव्हमधल्या फोल्डरचा! त्याच्या घरातलं कपाट त्याच्या घरात उघडतं, माझ्या घरात कसं उघडेल? याचाच शहरी भाऊ म्हणजे गुगल ड्राइव्हची लिंक. ड्राइव्हवर टाकलेली फाइल मुळात बंद असते, ‘रिस्ट्रिक्टेड’. तुम्ही मालक म्हणून तुम्हाला उघडते. गिऱ्हाइकाला दिसतं की परवानगी मागा. परवानगी मागून पापड घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शेअरमध्ये जाऊन ‘एनीवन विथ द लिंक’ करा आणि फक्त बघण्याचा हक्क द्या, बदलण्याचा नको.

ड्राइव्हचा एक फायदाही आहे. भाव बदलले की नवी फाइल वेगळी टाकू नका. त्याच फाइलच्या ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवा. लिंक तीच राहते, आतला माल बदलतो. मागच्या वर्षी कोणी फॉरवर्ड केलेली लिंक यंदाही ताजा भाव दाखवते.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो हा. कॅटलॉग एकदा ग्रुपवर गेला की परत येत नाही. दोन वर्षांनी सुरतमधली कोणी वहिनी तो उघडणार आहे. तेव्हा त्यातलं बटण जिवंत असेल का? गुगलचीच गोष्ट घ्या. पत्ते छोटे करून देणारी त्यांची ‘गू डॉट जीएल’ नावाची सेवा होती. २०१९ मध्ये नव्या लिंक बनवणं बंद झालं. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या लिंकही चालणार नाहीत. मग ओरड झाली आणि वापरात असलेल्या लिंक चालू ठेवू, असं त्यांनी म्हटलं. थोडक्यात, तुमची लिंक जगणार की मरणार हे दुसऱ्याने ठरवलं. गुगलसारख्याच्या बाबतीत हे होतं, तर कुठल्यातरी फुकट क्यूआर बनवणाऱ्या साइटचा काय भरवसा? त्यांच्यातले काही महिनाभर चालवून नंतर पैसे मागतात आणि तोवर तुम्ही हजार पिशव्या छापून बसलेले असता.

म्हणून धंदा जरा रुळला की स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. डॉट इन असलं तरी चालेल, भाडं वर्षाला सहसा हजाराच्या आतच पडतं. त्यावर मोठी वेबसाइट नको. ते दाबलं की तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडेल, एवढीच सोय करा. उद्या नंबर बदलला, तर डोमेनवर एकदा बदलायचं आणि जुने सगळे कॅटलॉग, सगळ्या पिशव्या आपोआप दुरुस्त. फक्त ते डोमेन स्वतःच्या ईमेलवर घ्या. डीटीपीवाल्याच्या किंवा भाच्याच्या नको. भाचा कितीही गुणी असला तरी.

आणि डीटीपीवाल्याकडून मूळ ओपन फाइलही मागून घ्या. जमलं तर आधीच ठरवून. सॉफ्टवेअरही कायमची नसतात. मायक्रोसॉफ्टने सांगितलंय की ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशरला सपोर्ट नाही. ज्यांचं सगळं काम त्यात आहे त्यांनी आत्ताच पीडीएफ काढून ठेवायला हवेत, अर्थात लिंकसकट.

काही जण विचारतात, ‘सर, पण लोक लिंक दाबतच नाहीत, घाबरतात.’ बरोबर घाबरतात. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून लोकांचे फोन ताब्यात घेण्याचे प्रकार झालेत. मग आपण काय करायचं? फाइलचं नाव ‘फायनल न्यू टू’ असं ठेवायचं नाही. धंद्याचं नाव, गाव, वर्ष. बटणाखाली पूर्ण पत्ता साध्या अक्षरांत लिहायचा, म्हणजे कुठे जातोय ते दिसतं. छोट्या केलेल्या गूढ लिंक टाळायच्या. आणि फाइलसोबत स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा मेसेज टाकायचा. ओळखीचा आवाज ऐकला की माणूस दाबतो.

तपासणीबद्दल एकच सांगतो. स्वतःच्या फोनवर तपासू नका. तुमचा फोन तुमच्या ड्राइव्हला ओळखतो, तुमच्याकडे परवानगी आहे, फाइल आधीच उतरलेली आहे. असा फोन खोटं बोलतो. शेजारच्या आजोबांचा स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, त्यांनाच दाबायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. ते कुठे अडतात ते बघा.

ताईंनी तेच केलं. कॅटलॉग नव्याने करायला पैसे नव्हते, मग तयार पानंच कॅनव्हात चित्र म्हणून घेतली, प्रत्येक पानाच्या तळाशी एक हिरवा चौकोन ठेवला, त्याला व्हॉट्सअ‍ॅपची लिंक दिली. एका दुपारचं काम. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या दोन काकूंच्या फोनवर तपासलं. पहिल्या काकूंनी दाबलं आणि ताईंचं चॅट लगेच उघडलं. दुसऱ्या काकूंकडे पीडीएफ उघडणारं अ‍ॅपच नव्हतं, तेव्हा ताईंनी पहिल्या पानाचा फोटो आणि खाली साधी लिंक असा वेगळा मेसेजही तयार केला. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

भाव त्यांनी कमी केलेले नाहीत. हिवाळ्यात भरीत-मसाल्याचा नवा कॅटलॉग काढायचाय म्हणाल्या. या वेळी दुकानात जाताना काय मागायचं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतलंय.