एकटी भाकर आणि खिन्न मन



वर्गांत एखादा मुलगा मान खालीं घालून बसूं लागला, चिडूं लागला, पाठ केलेलें विसरूं लागला, म्हणजे आम्ही शिक्षक त्यास ‘आळशी’ हा शेरा मोठ्या तत्परतेनें देतों. घरीं त्याचीच पुनरावृत्ति होते. त्या मुलाच्या पोटांत गेले दोन महिने काय गेलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. मीं स्वतःही तें पुष्कळ वर्षें विचारलें नाहीं, हें येथें कबूल करतों.

मनाचा आणि ताटाचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. त्यांस पेलाग्रा नांवाच्या रोगाची हकीकत सांगतों. ह्यांत ऊन लागणारी कातडी काळवंडून सोलून निघते, जुलाब होतात, आणि मन खचतें. झोंप उडते, खिन्नता येते, शेवटीं भ्रमही होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी पुष्कळ असत, व रोग सांसर्गिक आहे अशी अनेकांची समजूत होती. 1914 सालीं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्या ध्यानांत आलें कीं, रोग्यांत अहोरात्र वावरणाऱ्या नोकरांस तो होत नाहीं. फरक ताटाचा होता! दूध, अंडीं, मांस व कडधान्यें मिळूं लागतांच अनाथगृहांतील मुलांचा रोग जवळजवळ नाहींसा झाला. उणीव नायसिन नांवाच्या द्रव्याची होती, हें 1937 नंतर उघड झालें.

हें नायसिन ट्रिप्टोफॅन नांवाच्या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःही बनवितें. परंतु सुमारें 60 मिलिग्रॅम खर्चावें तेव्हां 1 मिलिग्रॅम हातीं येतें. त्याच ट्रिप्टोफॅनापासून मेंदूंत सेरोटोनिन होतें, व त्याचा झोंपेशीं आणि मनःस्थितीशीं संबंध आहे. पण मेंदूच्या दारीं गर्दी असते. ल्यूसिन वगैरे दुसरीं आम्लें त्याच दारानें आंत शिरूं पाहतात. म्हणून ट्रिप्टोफॅन किती खाल्लें एवढेंच नव्हे, तर त्याच्या सोबतीस कोण होतें, हेंही पाहावें लागतें.

आपल्या दख्खनांतही, हैदराबादकडे, ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांस हा रोग होत असे. 1960 सालीं डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं ज्वारींतील विपुल ल्यूसिनाकडे बोट दाखविलें. त्यावर विद्वानांत मतभेद झाले. परंतु एकाच धान्यावर जगणें घातक, ह्याविषयीं मतभेद नाहीं.

ह्यांत भाकरीचा अपराध कांहीं नाहीं. ज्वारींत लायसिन थोडें, तें डाळींत भरपूर; डाळींत मेथिओनिन थोडें, तें ज्वारी पुरविते. आमच्या आज्यांनीं हीं नांवें न ऐकतांच भाकरीशेजारीं पिठलें वाढलें. हल्लीं डब्यांतून विकल्या जाणाऱ्या महागड्या भुकट्यांपेक्षां मूठभर शेंगदाणे मला अधिक भरंवशाचे वाटतात.

प्रत्येक खिन्नतेचें मूळ ताटांत सांपडेल, असें मात्र नव्हे. ती आठवडेच्या आठवडे टिकली, तर मुलास डॉक्टरांकडेच न्यावें; त्यांत लाज कसली?

आणि ज्या घरीं डाळच परवडत नाहीं, तेथें माझा हा लेख काय कामाचा? तेथें मधल्या सुट्टींत वाटीभर उसळ शाळेनेंच द्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे, व पुढील पालकसभेंत मी तें मांडणार आहें.