कुत्र्याला कुठे नोकरी करायची आहे?

कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे याचे कायदे सरकार करीत नाही. ते समाज करतो, आणि म्हणूनच ते सरकारी कायद्यांपेक्षा अधिक निमूटपणे पाळले जातात. राज्यकारभाराची भाषा, न्यायालयाची भाषा, शिक्षणाचे माध्यम या प्रश्नांवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. त्यांसाठी आंदोलनेही झाली आहेत. परंतु माणूस आपल्या घरात, पाळलेल्या कुत्र्यामांजरांशी कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न सहसा हसण्यावारी नेला जातो. तो तसा नेऊ नये, असे मला वाटते. कारण या एका व्यवहारात माणसावर बाहेरून कसलीच सक्ती नसते. तेथे परीक्षा नसते, मुलाखत नसते, वरिष्ठ अधिकारी नसतो. अशा ठिकाणी माणूस आपण होऊन जी भाषा निवडतो, तिच्यावरून त्याच्या मनातील भाषांची उतरंड स्पष्ट दिसते.

पुण्यामुंबईच्याच नव्हे, तर आता जिल्ह्याच्या गावांतील बागांतूनही सकाळी फेरफटका मारला, तर मराठी घरांतील कुत्री इंग्रजीत वाढत असल्याचे आढळेल. ‘सिट’, ‘कम’, ‘नो’, ‘गुड बॉय’ हे शब्द सर्रास कानांवर पडतात. तेच गृहस्थ दूरध्वनीवर आईशी मराठीत बोलतात, भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करतात, आणि दोरी ओढताना पुन्हा इंग्रजीत शिरतात. ज्याला इंग्रजीत साधा अर्ज लिहिताना घाम फुटतो, तोही कुत्र्याला इंग्रजीतच बसवतो आणि इंग्रजीतच उठवतो. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते, तर इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे साऱ्या देशात मिळून सुमारे २ लाख ६० हजार. पाळीव कुत्र्यांची भाषावार गणना कोणी केलीच, तर इंग्रजीचा आकडा पुष्कळ फुगेल, असे म्हणायला हरकत नाही.

यातही एक भेद आहे. इंग्रजीचा हा मान घराण्याच्या, म्हणजे विकत आणलेल्या जातिवंत कुत्र्याला मिळतो. त्याच गल्लीत उकिरड्यावर जगणारे कुत्रे फाटकाशी आले, की मालकाच्या तोंडून अस्सल मराठी ‘हाड!’ बाहेर पडते. एकाच जातीचे दोन प्राणी, एकाच माणसाचे तोंड, आणि भाषा मात्र दोन. जन्मावरून प्रतिष्ठा ठरविण्याची आपली जुनी खोड आपण कुत्र्यांनाही लावली आहे, आणि त्या प्रतिष्ठेची खूण म्हणून भाषा वापरली आहे.

इंग्रजी माध्यमाचा विषय निघाला, की आपल्या मध्यमवर्गाचे एक उत्तर ठरलेले असते. ‘आम्हांला मराठीचा अभिमान आहेच हो, पण मुलांना पुढे नोकऱ्या करायच्या आहेत.’ हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणणार नाही. नोकरीच्या बाजारात इंग्रजीला भाव आहे, आणि गरीब आईबापही पोटाला चिमटा काढून मुलांना त्या शाळांत घालतात, ते काही केवळ हौसेने नव्हे. परंतु मग कुत्र्याचे काय? त्याला कुठे नोकरी करायची आहे? त्याला अमेरिकेला जायचे नाही की स्पर्धा परीक्षेला बसायचे नाही. तरीही त्याच्यासाठी इंग्रजीच निवडली जाते, याचा अर्थ इतकाच, की नोकरीचे कारण खरे असले तरी ते संपूर्ण कारण नव्हे. त्याच्या मागे आणखी एक कारण दडलेले आहे: हुकूम द्यायचा, वळण लावायचे, सुधारणा करायची, तर ती इंग्रजीतच करायची असते, ही मनात खोल रुजलेली समजूत.

कुत्र्यांना शिकविणारे यावर एक व्यावहारिक मुद्दा मांडतात. आज्ञा आखूड हवी, स्पष्ट हवी आणि घरातल्या सर्वांनी तीच वापरावी. मुद्दा बिनतोड आहे. परंतु त्यातून इंग्रजीची गरज कशी सिद्ध होते? बस, ये, थांब, दे, ऊठ, जा, सोड: आपल्या क्रियापदांचे आज्ञार्थ यांहून आखूड ते काय असायचे! शिवाय मराठीत या आज्ञेला ‘रे’ किंवा ‘गं’ जोडता येतो. ‘बस रे’, ‘ये गं’ असे म्हणताच बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात एक नाते उभे राहते. समोरचा नर आहे की मादी याची दखल घेतली जाते, आणि हुकमाची धार अर्ध्याने बोथट होते.

खुद्द कुत्र्याचे मत काय, याचाही थोडा शोध लागला आहे. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील संशोधकांनी माणसाळलेल्या, न हलता पडून राहायला शिकलेल्या कुत्र्यांच्या मेंदूचे चित्रण केले. २०१६ साली त्यांनी दाखवून दिले, की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा स्वर ही दोन्ही जुळून आली, तरच कुत्र्याच्या मेंदूतील आनंदाशी निगडित भाग उत्तेजित होतो. नुसता शब्द किंवा नुसता स्वर पुरत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १८ कुत्र्यांना एकाच गोष्टीचे उतारे हंगेरियन आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत ऐकविण्यात आले. घरात नेहमी ऐकलेली भाषा आणि अनोळखी भाषा यांतील फरक त्यांच्या मेंदूला कळत होता, आणि कुत्रे जितके वयस्कर तितका हा फरक अधिक ठळक होता. म्हणजे घरात जी भाषा खरोखर बोलली जाते, ती त्या मुक्या जिवाच्या मनात वर्षानुवर्षे मुरत असते. कोणती भाषा श्रेष्ठ, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

मालकालाही आतून हे ठाऊक असावे. कारण कुत्रे आजारी पडले, अन्नाला तोंड लावीनासे झाले, की घरातली इंग्रजी एकाएकी गळून पडते. मग ‘काय झालं रे माझ्या बाळाला, कुठं दुखतंय’ असेच शब्द ओठांवर येतात. हुकूम इंग्रजीत आणि माया मराठीत, अशी ही वाटणी आहे. प्रश्न कुत्र्यापुरता असता तर तो येथेच सोडून देता आला असता. परंतु आपल्या सबंध सार्वजनिक जीवनाची वाटणी याच पद्धतीने झालेली आहे. ज्ञान, कायदा, औषध, हिशेब ही सारी सत्तेची दालने इंग्रजीकडे, आणि अंगाई, सण, गहिवर मराठीकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण साजरा केला, आणि तो योग्यच होता. परंतु जी भाषा केवळ गहिवरासाठी उरते, तिला कागदावर कोणताही दर्जा दिला तरी ती हळूहळू माजघरात कोंडली जाते.

ही वाटणी कोठून आली, याचा विचार करताना साहेबाच्या बंगल्याकडे पाहावे लागते. इंग्रज अंमलदार आणि त्यांच्या मडमा नोकरांपुरती हिंदुस्थानी शिकत. १९व्या शतकाच्या अखेरीस फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी मडमांसाठी लिहिलेले गृहव्यवस्थेचे पुस्तक प्रसिद्ध आहे. नोकरांना नीट हुकूम देता यावेत म्हणून मालकिणीने हिंदुस्थानी शिकली पाहिजे, असा त्यात आग्रह आहे. साहेबाची स्वतःची भाषा मात्र त्याच्या कुटुंबासाठी होती, आणि कुत्रे हे त्या कुटुंबात मोडत होते. साहेब गेला, बंगला राहिला. आजच्या सदनिकेतही कुत्र्याशी इंग्रजी आणि मोलकरणीशी मोडकी हिंदी ही प्रथा तशीच चालू आहे, मग ती बाई सातारा जिल्ह्यातली का असेना. तिने मराठीत उत्तर दिले तरी मालकीण हिंदीतच बोलत राहते. आणि मालक कामावर गेल्यावर कुत्र्याला सांभाळायचे असते ते त्याच बाईला. म्हणून ‘सिट’ आणि ‘स्टे’ हे शब्द तिला शिकावे लागतात. ज्या भाषेने तिला शाळेत नापास केले, त्या भाषेतले हुकूम ती कुत्र्यासाठी पाठ करते.

याच्या उलट आपल्या शेतकऱ्याचे बैलांशी चालणारे बोलणे आठवावे. मोटेच्या काळी मोटकरी बैलांना गाणी ऐकवीत असे. मोट गेली, विजेचा पंप आला, आणि ती गाणीही मागे पडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून मळतात, आणि उद्या जेवायला या, असे आवतण त्यांना तोंडाने देतात. या आवतणातले बहुवचन जोडीचे की आदराचे, हे ठरविणे अवघड आहे. बहुधा ते दोहोंचेही असावे. श्रम करणाऱ्या जिवाला वर्षातून एक दिवस का होईना, पाहुण्याच्या भाषेत बोलावणारी ही रीत आहे.

तथापि, नुसते गावाकडचे गोडवे गाऊन भागणार नाही. आसूडही याच मराठीच्या साथीने पडत आला आहे. बैलाला आवतण देणाऱ्या त्याच वाड्यात, बापाच्या वयाच्या सालगड्याला मालकाचे पोर ‘अरे-तुरे’ करीत असे. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर बैलाइतकाही मान नव्हता. तेव्हा भाषा बदलली की मन बदलते, असे समजण्याचे कारण नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी इंग्रजीविरुद्ध लढा दिला, तो ती परकी म्हणून नव्हे; मूठभरांच्या हातातले ते वर्चस्वाचे हत्यार आहे म्हणून. हे हत्यार मराठीचेही होऊ शकते, हे आपण विसरता कामा नये.

पैठणची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. संन्याशाची पोरे म्हणून शुद्धिपत्र नाकारणाऱ्या पंडितांसमोर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, असे लोकपरंपरा सांगते. चमत्कारावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. ही कथा शतकानुशतके जपणाऱ्या बहुजनांच्या मनात काय होते, हे पाहावे. ज्या भाषेच्या बळावर तुम्ही माणसांना दूर लोटता, ती पखाल वाहणारा रेडाही बोलू शकतो. मग तुमचा मोठेपणा तो काय राहिला? आणि शके १२१२ मध्ये त्याच ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. जनावराच्या तोंडी प्रतिष्ठेची भाषा घालून आपल्या पूर्वजांनी प्रतिष्ठेचे गर्वहरण केले. आपण जनावराच्या कानी प्रतिष्ठेची भाषा घालतो, ती आपली प्रतिष्ठा वाढावी म्हणून.

कार्यकर्त्यांनी यावर काय करावे? बागेत जाऊन कुत्र्यांच्या मालकांना मराठीचे धडे देऊ नयेत. तसली दंडेली करणारे पक्ष पुष्कळ आहेत. आपल्या घरात मात्र एक साधी पाहणी करावी. दिवसभरात मी कोणाशी कोणत्या भाषेत आणि कोणत्या सर्वनामाने बोललो, हे रात्री आठवून पाहावे. मुलाशी, पत्नीशी, कामाला येणाऱ्या बाईशी, रखवालदाराशी, आणि घरात कुत्रे-मांजर असेल तर त्याच्याशीही. त्या यादीत आज्ञेची भाषा एक आणि आपुलकीची दुसरी निघाली, तर समतेचे काम व्यासपीठाआधी उंबरठ्याच्या आत सुरू करावे लागेल. ज्या घरात कामवाली बाई ‘अहो’ आहे, मुलाच्या शंकांना मराठीत उत्तर मिळते आणि दारातल्या गावठी कुत्र्यालाही ‘ये रे’ म्हणून भाकरी घातली जाते, त्या घराने भाषेच्या प्रश्नाचा निम्मा निकाल लावला, असे मी समजेन. उरलेल्या निम्म्यासाठी रस्त्यावर यावेच लागेल.