नफा झाला, पण आला कुठून?

करोनाच्या काळात आपल्या खासगी बँका कशा ताठ उभ्या राहिल्या, याचं कौतुक अजून संपत नाही. आमचे बँकवाले भाचेसाहेबही परवा तेच ऐकवत होते. भाचेसाहेब, रागावू नका, पण आयुष्यभर पोरांना नफा-तोट्याची गणितं घातली आहेत मी. नफा दिसला की तो आला कुठून, हे विचारायची खोड काही जात नाही!

आकडे खोटे नाहीत. २०२०-२१ मध्ये देशाचं एकूण उत्पन्न घटलं, दुकानं बंद पडली, कित्येकांचे पगार थांबले. त्याच वर्षी एचडीएफसी बँकेचा नफा २६,२५७ कोटींवरून ३१,११६ कोटींवर गेला. आयसीआयसीआय बँकेचा ७,९३१ कोटींवरून १६,१९३ कोटींवर, म्हणजे दुपटीहून जास्त!

आता कर्जदाराचं बघा. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. लोकांना वाटलं, माफी मिळाली. माफी कसली! व्याज चालूच, आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचा हा जादा भार सरकारने उचलला. सरकारने म्हणजे तुम्हीआम्हीच की! मार्च २०२१ मध्ये कोर्टाने त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सर्वांनाच माफ केलं, पण मूळ व्याज माफ करायला नकार दिला.

आणि आम्ही ठेवीदार? रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ वरून मे २०२० पर्यंत ४ टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त व्हावं म्हणून. जूनमध्ये या दोन्ही बँकांनी सामान्यांच्या बचत खात्यावरचं व्याज ३ टक्के केलं. वर्षाच्या मुदत ठेवीवर ज्येष्ठांचा अर्धा टक्का धरूनही २०२० संपता संपता साडेपाचच्या आतच. महागाई मात्र त्या वर्षी सरासरी ६.२ टक्के. मांडा गणित. दहा लाखांवर व्याज ५५ हजारांच्या आत, आणि महागाईने खाल्ले ६२ हजार. मुद्दल कागदावर शाबूत, आतून पोखरलेलं!

भाचेसाहेब म्हणतील, बँकाच बुडाल्या असत्या तर? मुद्दा बरोबर आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर ५० हजारांची मर्यादा आली तेव्हा लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बँक टिकलीच पाहिजे. बुडीत कर्जांसाठी पैसे बाजूला काढले तेही योग्यच. पण हे पैसे बाजूला काढून झाल्यावर उरतो, त्यालाच नफा म्हणतात ना? टिकणं वेगळं आणि साथीच्या वर्षात नफा दुप्पट होणं वेगळं.

माझं म्हणणं एवढंच. पुन्हा अशी साथ आली, तर ज्येष्ठांच्या छोट्या ठेवींवर निदान महागाईइतकं व्याज द्या. हप्ता पुढे ढकलला तर शेवटी किती हप्ते वाढतील, ते सही घेण्याआधी साध्या मराठीत लिहून द्या. खुशाल नफा कमवा. पण ज्यांच्या खिशातून तो आला, त्यांनाच टाळ्या वाजवायला सांगू नका!